बैल बांधला, गाडी मोकळी

हसायचं तेवढं आदी हसून घ्या. व्हय, म्याच ती. भोरच्या प्रदर्शनात नव्या कोऱ्या मोटारीची चाकं नाड्यानं बांधली ती हिर्डोशीची ठकुबाई म्हंजी मीच. बाजारात अजून कुणी मला बघितलं की तोंडाला पदर लावतं. लावू दे. पर लोकं निम्मीच गोष्ट सांगतात. चाकं बांधली हितवर यायचं आन् खी खी करून उठायचं. म्होरचं कोण सांगणार? तुमचा बा? म्हणून म्याच सांगते, आन् पयल्यापासनं सांगते.

माझं माहेर भाटघर. धरण नवं बांधून झालं तवापासनं त्या गावाला शिंगं फुटली. पुण्याचं साहेब, मडमा, वकील, जो उठल तो मोटारीत बसून धरण बघाय यायचा, आन् त्या समद्या मोटारी आमच्या दारावरनं जायच्या. माझा भाऊ मानसिंग गरीब स्वभावाचा. पर त्याची बायको रतन! मोटारी जशा काय तिच्याच बापानं धाडल्यात. "आज निळी आली, वन्सं." "काल टपाची आली, वन्सं." सांग बाई, सांग. आन् मी दिलेली हिर्डोशीला, वरंध्याच्या वाटंवर. भात, नाचणी, ढोपरभर चिखल. मोटार भोरात येऊन थांबायची. तिथनं म्होरं आमचं पाय.

एका भाऊबीजंला मी माहेरी गेले. दिसभर चालून पाय सुजलेलं. अंगणात टेकते न टेकते, तवर रतनवैनी शेजारणीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आमच्या वन्संच्या गावाला माणूस जातं ते पायी, आन् येतं ते चौघांच्या खांद्यावर. मोटारीचं चाक काय त्या वाटंनं फिरायचं न्हाई." शेजारीण खदाखदा हसली.

माझं डोस्कं भडकलं की मागचं म्होरचं बघत न्हाई. हातातला तांब्या म्या खाली आपटला आन् म्हणलं, "मोटार माझ्या दारात मला न्यायला यील, तवाच ह्या उंबऱ्याला पाय लावीन. तवर भाटघरचं पाणीबी माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई!" गाठोडं उचललं आन् आल्या पावली माघारी निघाले. ओवाळायचं ताट तसंच राह्यलं.

आबा, माझं वडील, ओसरीवर बसलं व्हतं. गुडघ्याला रुईची पानं बांधलेली. उठाय गेलं, पर गुडघा उठू देईना. "ठके," येवढंच म्हणालं. म्या मागं वळून बघितलं न्हाई. बघितलं असतं तर गेलेच नसते, म्हणून बघितलं न्हाई.

त्याच्यामागं किती दिवाळ्या गेल्या. दर वर्साला मानसिंग न्यायला यायचा, आन् मी त्याला जेवू घालून एकटा माघारी लावायची. आबांच्या गुडघ्याला आमच्या वाटंवर बैलगाडीचं हाबकं सोसायचं न्हाईत, म्हणून ते त्याच्यासंगं चोळीचा खण धाडायचं. तो खण उराशी धरून मी चुलीम्होरं रडायची, आन् बाहेर येऊन म्हणायची, धूर लई झालाय आज. आमचं मालक, त्यांचं नाव घ्यायची रीत न्हाई, लोकं त्यांना भिमा म्हणतात, ते एकदा म्हणालं, "आगं, गुडघ्याचा माणूस. किती दिस थांबल? जाऊन ये की. शब्दाला काय सोनं लागलंय?" म्या म्हणलं, "माझ्या शब्दाला काय लागलंय ते मला ठावं." पुन्ना त्यांनी इषय काढला न्हाई. पर खरं सांगते, राती-दिसा जिवाला येकच घोर. मोटार यायची न्हाई, मी जायची न्हाई, आन् एक दिस आबा ऱ्हायचं न्हाईत.

तर त्या साली माघात भोरला संस्थानचं शेतकीचं प्रदर्शन भरलं. आमी हौश्या आन् बांड्या ही आमची जोडी गाडीला जुंपून निघालो. डोंगरी बैलं, बुटकी, पर अंगानं दगड. सारोळ्याकडची ती उंच पांढरी खिलारं बघून लोकं हुरळतात. हुरळू द्या. ती आमच्या भाताच्या खाचरात एक दिस टिकायची न्हाईत.

नदीकाठच्या मैदानात बघितलं तर काय! मांडवाम्होरची जागा दर साली बैलांची. त्या जागी ह्या साली चार खुंट्या ठोकून दोर बांधलेला, आन् दोराच्या आत लाल कापडाखाली काय तरी झाकलेलं. आमाला शेळ्यांच्या पल्याड, कडंला हाकलं. "बैलांची जागा कुणी घेतली?" म्या इचारलं. एक शिपाई म्हणाला, "मोटारीनं." बैलाची जागा जिनं घेतली तिला बघितल्याबिगर मी सोडती व्हय? जोडी मालकांच्या हातात दिली आन् गेले दोराजवळ.

तितं भोरचं गंगाधर अण्णा हुबं व्हतं. पुण्याच्या कुठल्याशा मोटारवाल्याची एजन्सी त्यांनी घेतलेली. काळी टोपी, कोट, हातात पत्र्याचा कर्णा. कर्ण्यातनं वरडत व्हतं, "मंडळी, ही नव्या वर्षाची नवी गाडी! विलायतेच्या प्रदर्शनात दाखवली, मुंबईच्या प्रदर्शनात दाखवली, आठवड्यानं पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनात उभी राहणार, आणि त्याच्या आधी आपल्या भोरात!" मंग कापड वढलं.

खोटं कशाला बोलू, मी बघतच राह्यले. हिरवी गार मोटार. मागं माणसं बसायला लाकडी बाकं, वर कापडाचं छत, म्होरं पितळंचं काय काय, त्यात माझं तोंड दिसत व्हतं. माझ्या मनात येकच आलं. ही दारात आली तर आबा दिसतील.

दोराला पोट टेकवून म्या इचारलं, "अण्णा, ही हिर्डोशीला यील का?"

अण्णा हसलं. वंगाळ हसलं न्हाई, पर हसलं. "बाई, ही प्रदर्शनाची गाडी आहे. पुण्याला आरशासारखी लख्ख उभी करायची आहे. एक ओरखडा पडला तर कंपनी माझी एजन्सी काढून घेईल."

"मंग भोरला कशाला आणली?"

"दाखवायला. अहो, प्रदर्शनांतसुद्धा लहानमोठं असतं. सगळ्यांत मोठं विलायतेचं. तिथं राजेरजवाडे बघायला येतात. मग मुंबईचं. तिथं बँड वाजतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. मग पुण्याचं. आणि मग आपलं भोरचं. मोठ्या ठिकाणी नाव झालं की लहान ठिकाणी गाडी खपते."

"आन् हिर्डोशीचं?"

"हिर्डोशीला कसलं प्रदर्शन आलंय, बाई?" अण्णा म्हणालं, आन् मागची चार टोप्यावाली माणसं फिदीफिदी हसली.

झालं. रतनवैनीच बोलली जणू. माझ्या कानात वाफ गेली. म्या म्हणलं, "मुंबईला हिनं काय केलं?"

"काय केलं म्हणजे? उभी होती. लाख लोकांनी पाहिली."

"हुबी व्हती! आन् विलायतंला?"

"तिथंही उभीच."

"मंग चालली कुठं?" म्या वरडले. "आवं, हुबा बैल समद्यांचाच चांगला असतो! गालिच्यावर बैल बघून कुणी घेतलाय व्हय? आमच्यात दात बघत्यात, खूर बघत्यात, आन् चाक बांधून वढाय लावत्यात. हिचं चाक कुणी बांधलं का आजवर?"

आता तुमाला ठावं नसंल तर सांगते. बैलबाजारात बैलाची ताकद बघायची तर गाडीच्या चाकाच्या आऱ्यात दांडकं घालून चाकं नाड्यानं, जाड दोरानं, बांधायची. मंग गाडी फिरत न्हाई, नुसती घासत जाती. त्या गाडीला बैल जुंपायचा. गुडघं टेकून, मान खाली घालून ज्यानं गाडी हलवली तो बैल. बाकीचं नुसतं चारा खाणारं.

अण्णांना मांडवातनं बोलावणं आलं. "हात लावू नका कुणी," म्हणालं आन् चहाला गेलं. मोटारीचा डायव्हर, सारोळ्याचा सावळाराम, तोबी पान खायला सटकलेला. हितं माझ्याभवती गाडीवानांचा घोळका जमला. समदी पेटलेली. बैलांची जागा गेल्याचा राग समद्यांनाच. एक म्हणाला, "ठकुबाई बोलती ते खरं हाय. बांधूच चाक." दुसरा म्हणाला, "पर हिला बैल कुठं जुंपायचा?" म्या म्हणलं, "खुळ्या, हिचा बैल म्होरच्या पेटीत हाय. आत गुरगुरतो तो बैलच की. बैल आत हाय, मागं गाडी हाय. गाडीची चाकं बांधा, डायव्हर आला की बैल हाकू दे. वढली तर खरी."

समद्यांना पटलं. अहो, मालकांनाबी पटलं, आन् त्यांना लवकर काय पटत न्हाई. दोराखालनं घुसले गडी, मोटारीच्या मागच्या चाकांत दांडकी घातली, नाड्याचं वेढं मारलं, आन् गाठ म्या सोता घट केली.

सावळाराम पान चघळत आला. म्या म्हणलं, "हाक रं आता. बघू तुझा बैल."

त्यानं चाकं बघितली. माझ्याकडं बघितलं. पुन्ना चाकं बघितली. मंग तो मोटारीच्या पायरीवर बसला, पोट धरलं, आन् असा हसला असा हसला की पान अंगरख्यावर सांडलं. "मावशे," म्हणाला, "आगं, हिचा बैल म्होरच्या पेटीत असला तरी त्याचं पाय ही मागली चाकं! तू बैल बांधलास आन् गाडी मोकळी सोडलीस!"

पयल्यांदा कुणाला कळंना. मंग एकाला कळलं, मंग धाला कळलं, मंग अख्खं मैदान हसाय लागलं. शेळ्याबी वरडाय लागल्या. अण्णा धावत आलं, चाकं बघून त्यांच्या तोंडाचा रंग उडाला, आन् समजल्यावर त्येबी हसाय लागलं. माझ्या कानशिलातनं धग निघत व्हती. असं वाटलं, नीरा नदीत जाऊन उडी मारावी. आन् ध्यानात आलं की हितनं भाटघर काय लांब न्हाई. ही गोष्ट सांजच्याला रतनवैनीच्या चुलीपाशी पोचणार.

पर पळून जाणारी मी न्हाई. पदर खवला आन् म्हणलं, "बरं. बैलाचं पाय सोडा. आन् ह्याच्यामागं आमची गाडी लावा. तिची चाकं बांधा. आता तरी रीत बरोबर हाय का, सावळाराम?"

हसणं थांबलं. सावळाराम तोंड पुसत म्हणाला, "रीत बरोबर हाय, मावशे. पर अण्णा..."

"मुळीच नाही!" अण्णा म्हणालं. "ही प्रदर्शनाची..."

"मंग घाला पुन्ना कापड," म्या म्हणलं. "झाकून ठेवा."

लोकांत कुजबूज सुरू झाली. अण्णा भोरचं, आन् भोरच्या माणसाला भोरच्या मैदानात नाक मुरडलेलं सोसत न्हाई. त्यांनी टोपी काढली, पुन्ना घातली. "जोड रे सावळ्या," म्हणालं.

आमचं मालक गेलं आन् आमची गाडी वढून घेऊन आलं. त्यांनीच आऱ्यात दांडकं घातलं. गाडीत नाचणीची पोती रचली, वर गाडीवान चढून बसलं. सावळारामनं हँडल मारलं. मोटार गुरगुरली, थरथरली. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरली आन् समद्या टोप्यावाल्यांच्या डोळ्यात माती उडाली. "अडली! अडली!" लोकं वरडाय लागली. सावळारामनं मोटार जरा तिरपी घेतली, चाकाखाली मुरूम आला, आन् मंग गाडी हलली. बांधलेली चाकं जमीन खरवडत निघाली. मैदानात ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत दोन तासं पडली, नांगरानं पाडावी तशी.

काय दंगा झाला म्हणून सांगू! पटकं उडालं, शिट्ट्या झाल्या. "जुळलेला हाय! समदं दात आलेला पुरा बैल हाय!" म्हणून म्हातारीकोतारी नाचली. म्याबी वरडले. खरं ते खरं. अण्णांच्या कोटावर धूळ, कपाळावर घाम, पर त्यांची छाती अशी फुगलेली की कोटाची गुंडी तुटायची बाकी. मुंबईच्या बँडात त्यांना हे मिळालं नसणार, माझी खात्री हाय.

म्या पुन्ना दोरापाशी गेले. "अण्णा, आता चढावर बघाय पायजे. बैल चाक बांधून एकदा बघत्यात आन् चढावर एकदा. हिर्डोशीला आणा."

त्यांनी मोटारीच्या मागच्या बाजूला एक पोचा पडलेला बघितला आन् त्यांचं तोंड उतरलं. "बाई," ते हळू म्हणालं, "पुण्याच्या प्रदर्शनाला आठवडा आहे. घाटाच्या वाटेला माझी हिंमत नाही."

बास. जोडी घेऊन आमी निघालो. बैलांना तिसरा नंबर मिळाला, तेबी कुणाच्या ध्यानात राह्यलं न्हाई. वाटंनं जो भेटंल तो म्हणायचा, "काय ठकुबाई, बैल बांधला का?" गोष्ट आमच्या म्होरं चालत व्हती. घरी येऊन मी चुलीपाशी बसले आन् त्या दिशी धुराचं नाव न घेता रडले. हसं झालं त्याचं न्हाई. मोटार डोळ्यानं बघितली, वढताना बघितली, आन् तरी ती माझ्या दारात यायची न्हाई, ह्याचं. मालक भाकरी मोडून माझ्या हातात देत म्हणालं, "खा. मोटारीपाशी तू बोललीस ते मला आवडलं." लग्नानंतर येवढं लांब बोललेलं मला दुसरं आठवत न्हाई.

चार-सहा दिस गेलं असतील. दुपारची येळ. मी अंगणात गोवऱ्या थापत व्हते. कुत्री भुंकाय लागली, मंग कोंबड्या उडाल्या, आन् मंग ओढ्याकडनं गुरगुर ऐकू आली. मला ती गुरगुर ठावी व्हती. हातात शेण घेऊन मी तशीच हुबी.

सारं गाव बाहेर पडलं. ओढ्यातनं पाणी उडवत, तांबड्या धुळीनं माखलेली, म्होरच्या पितळंत करवंदीची फांदी अडकलेली, मोटार वर आली. कुणी भ्यालं, कुणी हात जोडलं. मोटार देवळापाशी थांबली न्हाई, चावडीपाशी थांबली न्हाई, सरळ येऊन माझ्या अंगणाच्या कडंला थांबली. सावळाराम वरडला, "मावशे, गाडी मोकळी हाय! बांधायचंय का काय?"

मी हसणार, तवर म्होरच्या बाकावर नजर गेली. सावळारामाशेजारी लाल पटका बांधून, काठी दोन्ही हातांत धरून, ताठ बसलेलं. आबा.

मागच्या बाकावर रतनवैनी. तिची दशा काय इचारता! तोंड हिरवं, कुकू फाकलेलं, डोस्कं बाहेर लटकलेलं. "वन्सं," ती कण्हली, "तुमच्या वाटंनं माझी आतडी ढवळली गं बाई."

"पायी आली असतीस तर बरं व्हतं की," म्या म्हणलं. जीभ काय राहती व्हय! पर लगेच आत गेले, हात धुतलं, आमसुलाचं पाणी करून आणलं, तिचं डोस्कं धरून पाजलं. तिनं माझं मनगट धरलं. "त्या भाऊबीजंला म्या बोलाय नको व्हतं," म्हणाली. म्या म्हणलं, "गप पी." मनात असलेलं समदं त्यात आलं.

अण्णा उतरलं. टोपी हातात, केस तांबडं. घोळक्यातल्या कुणी तरी इचारलं, पुण्याला न्हाई गेला व्हय? तर म्हणालं, "उद्या जायचंय. पण काय सांगू, त्या दिवसापासून भोरात जो तो येऊन एकच विचारतोय. मी म्हणावं, ही विलायतेची, ही मुंबईत दाखवलेली. समोरचा म्हणणार, ते राहू द्या, हिर्डोशीला जाते का? मुंबईचं नाव घ्यायची सोय राहिली नाही. आणि काल हे तुमचे वडील बैलगाडीतून माझ्या दारात."

आबा वरनंच बोललं, समद्या गावाला ऐकू जाईल असं. "गोष्ट आमच्या गावात पोचली. लोकं हसाय लागली. मीबी हसलो, लई हसलो. मंग रतनला म्हणलं, हसतीस काय? मुंबईचं लाख लोक मोटार बघून आलं. त्यातल्या एकाला तरी सुचलं का, हिला चाक बांधून पारखावी म्हणून? माझ्या पोरीला सुचलं. बैल आन् गाडी यात घोटाळा झाला, व्हतो. जिनं मोटार जवळनं कवा बघितलीच न्हाई तिचा न्हाई व्हायचा तर कुणाचा? मंग गेलो अण्णाकडं. म्हणलं, माझा गुडघा न्हाई चालत आन् तिचा शब्द न्हाई मोडत. तुमच्या मोटारीत दम असंल तर आमा दोघांची गाठ घाला. चार लोकांनी बघावं म्हणून हुबी करता, ते ठीक हाय. पर ह्याला मी प्रदर्शन म्हणतो."

माझा बा असं बोलला. साऱ्या हिर्डोशीम्होरं. माझ्या डोळ्यांतनं धारा लागलेल्या, आन् ह्या येळंलाबी म्या धुराचं नाव काढलं न्हाई. बोलावलं, "आबा, उतरा की. घरात चला." ते म्हणालं, "उतरणार न्हाई. तू दिलेला शब्द पाळलास, मीबी शब्द देऊन निघालोय. तुला घेतल्याबिगर खाली पाय टेकणार न्हाई. आण तुझं गाठोडं." त्यांनी हात म्होरं केला. म्या तो गालाला लावला.

मोटारीला तहान लागलेली. म्होरच्या तोंडातनं वाफ निघत व्हती. सावळाराम म्हणाला, "मावशे, हिला पाणी पायजे." म्या माझ्या घरातला हंडा आणला आन् माझ्या हातानं वतला. गटागटा प्याली. गावातल्या बायकांनी ताट आणलं. शेजारच्या धोंडाबाईनं कुकू लावलं, रतनवैनीनं उठून ओवाळलं. अण्णा धूळ झटकाय लागलं, मंग थांबलं. "राहू दे रे, सावळ्या," म्हणालं. "पुण्याला ही अशीच उभी करायची. धुळीसकट, फांदीसकट, कुंकवासकट. कुणी विचारलं, आधी कुठं दाखवली होती, तर सांगायचं, हिर्डोशीला दाखवून आणली." म्होरं पुण्याला काय झालं, बक्षीस मिळालं का न्हाई, मला ठावं न्हाई. म्या इचारलंबी न्हाई.

मी घरात गेले, लुगडं बदलाय. आतल्या फडताळात ते खण व्हते, आबांनी धाडलेलं, समदं, एकबी शिवलेला न्हाई. ते गाठोड्यात घातलं. बाहेर भोंगा वाजला. अण्णांना उन्हं उतरायच्या आत भोर गाठायचं व्हतं. "बाई, आवरा! पुण्याचं सगळं खोळंबलंय!"

आन् आबांचा आवाज आला, आदीसारखाच, अंगणभर. "थांबंल, अण्णा, थांबंल! पुणं थांबंल, मुंबई थांबंल. ही मोटार माझ्या ठकीला न्यायला आलीया."

आत मी निऱ्या घालत व्हते. चांगल्या बसल्या व्हत्या. सोडल्या आन् पुन्ना सावकाश घालाय लागले.